संगणक सल्ला : खेळ धाकट्याचा, धंदा थोरल्याचा, प्रोसेसर एकच

प्रश्न : मी लग्ने, बारशी, जत्रा आणि दशावतारी नाटके यांचे चित्रीकरण करतो आणि प्रीमियर प्रोवर त्याचे संकलन घरीच करतो. धाकटा भाऊ कॉलेजात आहे. रात्री माझे काम आटोपले की त्याच संगणकावर तो गेम खेळतो. संगणकात सध्या कोअर आय५-१०४०० प्रोसेसर आणि ३२ जीबी डीडीआर४ मेमरी आहे. ग्राफिक्स कार्ड मात्र नंतर घेतलेले आरटीएक्स ४०७० आहे. मॉनिटर १४४०पी, १६५ हर्ट्झचा आहे. माझा कॅमेरा सोनीचा असून चित्रण एक्सएव्हीसी एचएस, ४:२:२, दहा बिट या स्वरूपात होते आणि ते टाइमलाइनवर इतके अडखळते की प्रत्येक कामाच्या प्रॉक्सी, म्हणजे संकलनापुरत्या हलक्या प्रती, कराव्या लागतात. पणजीच्या एका दुकानदाराने कोअर आय७-१४७००के सुचवला आहे, तर भावाचा हट्ट रायझन ७ ७८००एक्स३डी घेण्याचा आहे, कारण गेमच्या सगळ्या चाचण्यांत तोच पुढे असतो असे तो म्हणतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते, हेही लक्षात घ्यावे. दोघांपैकी कोणता घ्यावा? — एक वाचक, डिचोली

उत्तर : आपल्या भावाचे म्हणणे खरे आहे आणि तरीही आपल्या घरासाठी माझा कौल दुकानदाराच्या बाजूने आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसे शक्य आहे ते नीट सांगावे लागेल.

प्रथम दोन्ही प्रोसेसरांची जातकुळी पाहू. रायझन ७ ७८००एक्स३डी एप्रिल २०२३ मध्ये बाजारात आला. त्यात आठ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे), सोळा थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) आणि तब्बल ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी) आहे. कोअर आय७-१४७००के त्याच वर्षी ऑक्टोबरात आला. त्यात आठ मोठे आणि बारा छोटे असे वीस कोअर, अठ्ठावीस थ्रेड आणि ३३ एमबी एल३ कॅश आहे. अमेरिकेतील जाहीर किमती अनुक्रमे ४४९ आणि ४०९ डॉलर होत्या, म्हणजे दोघे एकाच पंक्तीतले. विजेच्या बाबतीत मात्र ही पंक्ती मोडते. इंटेलने आपल्या प्रोसेसरची कमाल मर्यादा २५३ वॉट ठेवली आहे, तर एएमडीने आपल्या प्रोसेसरला १६२ वॉटांपर्यंत मुभा दिलेली असली तरी प्रत्यक्ष खेळताना तो बहुधा साठ-सत्तर वॉटांच्या आसपासच राहतो.

गेमच्या चाचण्यांत ७८००एक्स३डी पुढे असतो हे निर्विवाद आहे, परंतु त्या चाचण्या कशा घेतल्या जातात हे पाहिले पाहिजे. परीक्षक मुद्दाम बाजारातले सर्वांत ताकदवान ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन १०८०पीवर आणतात, जेणेकरून प्रोसेसरला कार्डासाठी थांबावे लागू नये आणि दोन प्रोसेसरांतला फरक उघडा पडावा. परीक्षेसाठी ही पद्धत योग्यच आहे. आपल्याकडे मात्र आरटीएक्स ४०७० आहे आणि मॉनिटर १४४०पीचा आहे. दिसायला भव्य आणि चालायला जड अशा नव्या गेममध्ये, सगळ्या सेटिंग वर नेल्यावर, कार्डाचीच मर्यादा आड येईल आणि मागे यांपैकी कोणताही प्रोसेसर असला तरी फ्रेमची संख्या जवळपास सारखीच राहील. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट यांसारख्या हलक्या स्पर्धात्मक गेममध्ये फरक आकड्यांत दिसेल, परंतु तिथे दोन्ही प्रोसेसर १६५ हर्ट्झच्या पलीकडे सहज जातात आणि आपला मॉनिटर त्यापुढचे काही दाखवूच शकत नाही. भाऊ मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर किंवा फॅक्टोरिओसारखे हिशेबाने भरलेले गेम तासन् तास खेळत असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे मोठ्या कॅशचा लाभ या मॉनिटरवरही जाणवतो.

आता आपल्या अडचणीकडे वळतो, कारण या पत्रातील खरी मेख तिथे आहे. आपले चित्रण एचईव्हीसी प्रकारचे, म्हणजे एच.२६५ आहे आणि त्यात रंगाची माहिती ४:२:२ प्रमाणात, दहा बिटांनी साठवलेली असते. असे चित्रण उलगडण्यासाठी खास विद्युतमंडल लागते. ते नसेल तर तो सगळा भार प्रोसेसरच्या सर्वसाधारण कोअरवर पडतो आणि टाइमलाइन अडखळते. आपल्या आय५-१०४०० मधील ग्राफिक्स भागात ही सोय नाही. इंटेलच्या क्विक सिंकमध्ये, म्हणजे ग्राफिक्स भागातील व्हिडिओच्या खास यंत्रणेत, ती डेस्कटॉप प्रोसेसरांच्या अकराव्या पिढीपासून आली. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण आरटीएक्स ४०७० मध्येही ती नाही. एन्व्हिडियाने ४:२:२ उलगडण्याची सोय आरटीएक्स ५० मालिकेत प्रथम दिली. ७८००एक्स३डीमध्ये एक छोटा ग्राफिक्स भाग आहे, परंतु त्यालाही ४:२:२ जमत नाही. म्हणजे आपण रायझन घेतला तर आठ नवे आणि वेगवान कोअर मिळतील, आजच्यापेक्षा बरे चालेल, पण कॅमेऱ्यातून आलेले चित्रण उलगडण्याचे काम तरीही त्या कोअरलाच करावे लागेल. दोन-तीन कॅमेऱ्यांचे थर एकावर एक आले, आणि लग्नाच्या कामात ते येतातच, की प्रॉक्सी पुन्हा मानगुटीवर बसतील. १४७००के घेतला तर तेच काम क्विक सिंक करील आणि वीसही कोअर परिणाम, रंगदुरुस्ती व हलत्या चित्राचे स्थिरीकरण यांसाठी मोकळे राहतील.

कोअरच्या संख्येचा लाभ केवळ एवढ्यापुरता नाही. सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या सिनेबेंच आर२३ या चाचणीत ७८००एक्स३डीला साधारण १८,००० गुण मिळतात, तर मर्यादा न घातलेल्या १४७००केला ३५,००० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ दुप्पट. संकलनात हा दुपटीचा फरक तसाच्या तसा मिळत नाही, कारण एक्सपोर्टचा बराचसा भार ग्राफिक्स कार्डच उचलते. तरीही ब्लेंडरमधील प्रोसेसरवरचे रेंडरिंग, मोठ्या फायली दाबणे, प्रोग्रॅम कंपाइल करणे, किंवा एक काम एक्सपोर्टला लावून दुसरे उघडणे, अशा प्रसंगी तो हाताला लागतो.

खरेदी करताना एक सापळा टाळावा. १४७००केएफ नावाचा भाऊबंद थोडा स्वस्त मिळतो आणि दुकानदार तो आपुलकीने पुढे करतात. त्यातील ‘एफ’चा अर्थ ग्राफिक्स भाग बंद केलेला, आणि क्विक सिंक त्या भागातच असते. आपण ज्या कारणासाठी इंटेल घेणार, तेच कारण त्या बचतीत हातचे जाईल. ‘के’ घेतल्यावरही वेगळे ग्राफिक्स कार्ड लावले असता अनेक मदरबोर्ड अंगचा ग्राफिक्स भाग आपोआप निजवतात. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, आयजीपीयू मल्टिमॉनिटर हा पर्याय चालू करून घ्यावा. पुष्कळांच्या घरी क्विक सिंक विकत घेतलेले असूनही वर्षानुवर्षे बंद पडलेले असते, ते याच कारणाने.

किमतीचा विचार एकट्या प्रोसेसरच्या बिलावर करू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, मेमरी आणि कूलर यांची बेरीज करावी. दोघांच्याही खोक्यात कूलर येत नाही. रायझनला बरा टॉवर कूलर पुरतो, इंटेलला मोठा लागतो, म्हणजे इथे रायझन स्वस्त पडतो. उलट रायझनच्या एएम५ मदरबोर्डवर केवळ डीडीआर५ मेमरी चालते, तर १४७००के डीडीआर४ च्या मदरबोर्डवरही चालतो. २०२५ च्या उत्तरार्धापासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे मेमरीच्या किमती ज्या प्रकारे भडकल्या आहेत, त्या पाहता आपल्याकडे आधीच असलेली ३२ जीबी डीडीआर४ ही या घडीला लहान ठेव नव्हे. ती ठेवल्याने गेममध्ये काही टक्के घट होईल, पण वर सांगितल्याप्रमाणे तुमच्या मॉनिटरवर ती क्वचितच दिसेल. मात्र ती मेमरी ३२०० मेगाहर्ट्झची आहे ना, हे पाहून घ्यावे. आय५-१०४०० ती २६६६ वरच चालवत असल्यामुळे आजवर आपल्या लक्षात आले नसेल.

इंटेलच्या बाबतीत दोन गोष्टी खटकतात आणि त्या लपवून सल्ला देणे बरे नव्हे. पहिली म्हणजे १४७००के मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत बसतो, तो एलजीए१७०० हा सॉकेट त्याच्याच, म्हणजे चौदाव्या पिढीबरोबर संपला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए१८५१ या सॉकेटचा वेगळा मदरबोर्ड लागतो. म्हणून १४७००के घेतल्यावर पुढची खरेदी म्हणजे पुन्हा सगळेच नवे. एएम५ चा आधार २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही ठेवू असे एएमडीने सांगितले आहे आणि ७८००एक्स३डी काढून त्याच मदरबोर्डवर नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला ९८००एक्स३डी आजही बसवता येतो. नुसत्या गेमसाठी यंत्र घेणाऱ्याने मी वरचे सगळे बाजूला ठेवून एएम५ चीच वाट धरावी, असे मी म्हणेन.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतील प्रोसेसर काही काळाने अस्थिर होतात, गेम मध्येच बंद पडतात, अशा तक्रारी २०२४ मध्ये मोठ्या प्रमाणावर पुढे आल्या. प्रोसेसर गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत असल्याने आतील मंडल झिजते, असे कारण इंटेलने दिले, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतील मूळ आज्ञावलीच्या) सुधारणा दिल्या आणि सीलबंद खोक्यातील प्रोसेसरांची हमी तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली. या सुधारणा झीज थांबवतात, झालेली झीज भरून काढत नाहीत. म्हणून १४७००के कितीही स्वस्तात मिळाला तरी वापरलेला घेऊ नये, ट्रेमधला सुटा घेऊ नये आणि मदरबोर्डच्या बायॉसमध्ये ०एक्स१२बी किंवा त्यानंतरचा मायक्रोकोड असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की ७८००एक्स३डीच्या आरंभीच्या दिवसांत काही मदरबोर्डांनी दिलेल्या वाढीव व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर जळाल्याच्या घटना घडल्या होत्या आणि त्यानंतर त्या व्होल्टेजवर (एसओसी व्होल्टेज) १.३ व्होल्टची मर्यादा आली. जुन्या साठ्यातला मदरबोर्ड घेतल्यास तिथेही बायॉस अद्ययावत करणे आलेच.

राहिली वीज. बिलाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. गेम खेळताना दोघांत ऐंशी वॉटांचा फरक धरला आणि रोज तीन तास खेळले, तरी महिन्याला सात-सव्वासात युनिटे होतात. त्रास होतो तो उष्णतेचा. मे महिन्यात, खोलीत एसी नसताना, सगळे कोअर जुंपून बसलेला २५३ वॉटांचा प्रोसेसर आणि वर २०० वॉटांचे आरटीएक्स ४०७० म्हणजे खोलीत छोटी शेगडीच. याच बेरजेने यूपीएसचाही निकाल लागतो. सर्वत्र दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटांचाच असतो आणि ऐन एक्सपोर्टमध्ये वीज गेली तर तो क्षणात मान टाकतो. किमान एक केव्हीएचा, शक्यतो त्याहून मोठा आणि शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा.

यावर सोपा उपाय आहे आणि तो मी प्रत्येक १४७००केच्या मालकाला सुचवतो. बायॉसमध्ये पीएल१ आणि पीएल२ या प्रोसेसरच्या वीजवापराच्या दोन्ही मर्यादा १२५ ते १५० वॉटांवर आणाव्यात. शेवटच्या शंभर वॉटांतून मिळणारा वेग तुलनेने थोडा असतो, त्यामुळे सगळे कोअर लागणाऱ्या कामात काही वेग जाईल, तरीही तो ७८००एक्स३डीच्या पुष्कळ पुढेच राहील. क्विक सिंकला तर याची झळ लागणारच नाही. कूलर शांत राहील, खोली राहण्याजोगी राहील आणि यूपीएसला दम मिळेल.

माझा निवाडा असा : आपली डीडीआर४ मेमरी ठेवून १४७००के, डीडीआर४ चा बी७६० मदरबोर्ड आणि चांगला एअर कूलर. मेमरीही नवी घ्यायचीच असे ठरत असेल, तर मात्र कोअर अल्ट्रा ७ २६५केचा भाव विचारून पाहावा. त्यात वीस कोअर आहेत, क्विक सिंक आहे आणि वीजही तो कमी खातो. गेममध्ये तो १४७००केच्या किंचित मागेच राहतो, परंतु वरच्या अस्थिरतेचा प्रश्न त्याला नाही. भावाची समजूत घालण्यासाठी एक गोष्ट हाताशी असू द्या. पुढे कधी आरटीएक्स ५० मालिकेतील किंवा त्यानंतरचे कार्ड घरात आले, तर ४:२:२ चे काम कार्डच करील आणि त्या दिवशी मोठ्या कॅशच्या रायझनविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप उरणार नाही.

प्रश्न : १४७००केमध्ये वीस कोअर आणि ५.६ गिगाहर्ट्झ, ७८००एक्स३डीमध्ये आठ कोअर आणि ५.० गिगाहर्ट्झ, आणि तरीही गेममध्ये दुसरा पुढे. हे जाहिरातबाजीखेरीज कसे शक्य आहे? — एक वाचक, मडगाव

उत्तर : जाहिरातबाजीचा संशय रास्त असला तरी इथे तो लागू पडत नाही. गेमचे काम कोअरमध्ये समान वाटले जात नाही. त्यातील एक-दोन मुख्य थ्रेड पुढची फ्रेम कशी असेल हे ठरवतात आणि बाकीचे त्यांच्या मागून चालतात. आठ चांगले कोअर मिळाल्यावर नवव्यापासून विसाव्यापर्यंतचे बहुतेक वेळ बसूनच असतात.

त्या मुख्य थ्रेडला सतत विखुरलेली माहिती लागते : कोणते पात्र कुठे आहे, कोणाची कोणाशी टक्कर होणार, कोणती वस्तू पडद्यावर दिसणार. ही माहिती कॅशमध्ये असेल तर सुमारे दहा नॅनोसेकंदांत हाती येते. नसेल तर मुख्य मेमरीपर्यंत जावे लागते आणि त्यात सत्तर-ऐंशी नॅनोसेकंद जातात. पाच गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरसाठी ऐंशी नॅनोसेकंद म्हणजे त्याच्या घड्याळाच्या चारशे फेऱ्या, आणि त्यांतील बऱ्याच तो नुसता वाट पाहण्यात घालवतो. गिगाहर्ट्झ वाढवले तर वाट पाहण्याच्या फेऱ्या तेवढ्या वाढतात, वाट पाहण्याचा वेळ कमी होत नाही. एएमडीने यावर उपाय म्हणून मूळच्या ३२ एमबी कॅशच्या डोक्यावर ६४ एमबीचा आणखी एक थर बसवला. त्यामुळे गेमला वारंवार लागणाऱ्या माहितीचा पुष्कळ भाग आतच मावतो. सरासरी फ्रेमपेक्षाही सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांत हा फरक अधिक दिसतो, म्हणजे खेळताना बसणारे बारीक हिसके कमी होतात.

५.० गिगाहर्ट्झवर थांबण्याचे कारणही तोच थर आहे. तो कोअरवरची उष्णता अडवतो आणि त्याला जास्त व्होल्टेज सोसत नाही, म्हणून ७८००एक्स३डीची तापमानाची मर्यादा ८९ अंशांवर ठेवली आहे. ९८००एक्स३डीमध्ये हाच थर कोअरच्या खाली नेला, उष्णतेची वाट मोकळी झाली आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत चढला. व्हिडिओचे रेंडरिंग किंवा फायली दाबणे अशा कामांत माहिती बहुधा ओळीने येते आणि पुढे काय लागेल ते प्रोसेसर आधीच ओळखून मागवतो. तिथे कॅशचा डोंगर फारसा उपयोगी पडत नाही आणि वीस कोअर बाजी मारतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे. संपूर्ण संगणकासाठी सत्तर हजार रुपये आहेत. मित्र म्हणतात, प्रोसेसर एकदाच चांगला घ्यावा. ७८००एक्स३डी किंवा १४७००के बसवून ग्राफिक्स कार्ड पुढच्या चतुर्थीपर्यंत लांबवू का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : नाही. एवढ्या रकमेत या दोघांपैकी कोणताही घेतला तर वर्षभर आपण उत्तम प्रोसेसरवर अत्यंत सुमार गेम खेळाल. रायझन ५ ७६०० आणि कोअर आय५-१३४००एफ एवढ्यांतच निवड करावी आणि उरलेल्या रकमेचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डावर घालावा. १३४००एफमध्ये दहा कोअर आहेत आणि तो डीडीआर४ वरही चालतो, त्यामुळे नात्यात किंवा मित्राकडे जुनी मेमरी मिळत असेल तर त्याचा विचार होऊ शकतो. तशी मिळत नसेल तर ७६०० बरा. सहाच कोअर असले तरी गेममध्ये तो थोडा पुढे असतो आणि बी६५० चा मदरबोर्ड घेतल्यास त्यावर पुढे मोठ्या कॅशचा प्रोसेसर बसवता येतो. त्यात लहानसा ग्राफिक्स भागही आहे, जो १३४००एफमध्ये नाही. गोव्यात बिघडलेले कार्ड हमीखाली बरेचदा बाहेरगावी पाठवावे लागते आणि परत यायला आठवडे लागतात. त्या काळात ७६०० वर प्रोग्रॅमिंगचे धडे आणि प्रकल्पाचे लेखन चालू राहील, तर १३४००एफवर मॉनिटर काळाच राहील.